दोन नळ्या आत, एक बाहेर

१

“तायडे, तुमच्या त्या टाकीला उचकी लागते गं,” धाकटा भाऊ जेवताजेवता म्हणाला होता. ती तेव्हा बाळाच्या मिटलेल्या तोंडात घास सरकवण्याच्या खटाटोपात होती.

“कुठल्या टाकीला?”

“कॉम्प्रेसरच्या शेडमधल्या. वर शिट्टी वाजली की खाली ही आपली ढक् करते. कोणीतरी आठवण काढत असणार.”

“मग पाणी पाज तिला,” ती म्हणाली आणि विषय संपला.

विषय संपायला कारण होतं. सहा फूट उंच असल्यामुळे ज्याला घरात सगळे टिल्लू म्हणत, त्या तिच्या भावाला खरी गोष्ट आणि थट्टा एकाच सुरात सांगायची खोड होती. घराला आग लागली तरी तो आधी ‘आज उकडतंय जरा’ असंच म्हणेल, असं आई म्हणायची.

पुढे एका सकाळी बाळाला पाळणाघरात सोडून आल्यावर ती त्याचे घरी राहिलेले मोजे शोधत असताना फोन वाजला. पलीकडे टिल्लू होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“तायडे, बाळ ठीक आहे. पण टाकी फुटली. काका गेले.”

२

स्टेशन गाड्यांमध्ये गॅस भरायचं होतं. जमिनीखालच्या पाइपातून बेताच्या दाबाने गॅस येई, कॉम्प्रेसर त्याला चार टप्प्यांत दाबून मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या शंभरपटीवर नेई. दाबताना गॅसमधलं तेलपाणी सुटं होई. ते ऑपरेटरने मशीनवरच्या छोट्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून, अधूनमधून शेडमधल्या टाकीत सोडायचं. टाकी पातळ पत्र्याची होती. तिच्यात दाब राहायचाच नव्हता, कारण माथ्यावरची नळी थेट आभाळाला उघडी होती.

तीच टाकी फुटली. आग लागली नाही, पण पत्रा आग नसतानाही माणूस कापतो. काका म्हणजे तिथला सगळ्यात जुना ऑपरेटर. अख्खं स्टेशन त्यांना काका म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पहारेकरीसुद्धा.

तिचं या स्टेशनशी दुहेरी नातं होतं. भाऊ तिथे ऑपरेटर; आणि ती ज्या कंपनीत इंजिनिअर होती त्या कंपनीने या डिझाइनचा धोका-आढावा घेतला होता. भिंतीवर नकाशे लावायचे, एकेक नळी धरायची आणि तिला प्रश्न विचारायचे. दाब वाढला तर? वाहणं थांबलं तर? उलटं वाहिलं तर? उत्तरं समाधानाची आली की त्या नळीवर रंगीत पेन फिरवायचं. रंगली ती नळी तपासलेली. आढाव्याचे अध्यक्ष होते सर, चाळीस वर्षं याच धंद्यात केस पांढरे केलेले. पहिल्या आढाव्याच्या वेळी ती बाळंतपणाच्या रजेवर होती. आता सरांनी तिला बोलावून घेतलं.

“तिथे तसंच दुसरं मशीन आहे, ते सोमवारी चालू करायचं म्हणतायत,” सर म्हणाले. “कारण त्यांच्या मते स्पष्ट आहे. ऑपरेटर तेलपाण्याचा कॉक उघडा विसरला, दाबाचा गॅस टाकीत घुसला, टाकी फुटली. तू फक्त जबाब घे आणि आढाव्याला पुरवणी जोड.”

“सोमवारी मशीनवर कोण असणार आहे?”

“ते आपण कशाला विचारायचं?”

तिला विचारायची गरजच नव्हती. काकांच्या खालोखाल तिथे एकच ऑपरेटर होता.

३

मॅनेजरसाहेब अंगाने गोल, बोलण्याने त्याहून गोल. “मॅडम, देवमाणूस होता हो. पण वय झालं होतं. विसरले. आम्ही काय त्यांना दोष देतोय का? फक्त कारण लिहितोय.”

“फुटल्यावर कॉक उघडा सापडला?”

“बंद होता. म्हणजे चूक लक्षात आल्यावर त्यांनी धावत जाऊन बंद केला असणार. पण उशीर झाला.”

त्यांनी तिला शेड दाखवली. फुटलेल्या टाकीची जागा रिकामी होती. भिंतीचे पत्रे बाहेरच्या बाजूला फुगले होते. टाकी दारालगत होती. कॉक शेडच्या दुसऱ्या टोकाला, मशीनच्या पलीकडे. मध्ये अंग चोरून जावं लागेल एवढीच वाट.

“काका कुठे सापडले?”

साहेबांनी दाराशेजारच्या लाल बटणाकडे बोट केलं. मशीन बंद करायचं बटण. टाकीपासून हातभर.

तिच्या मनात काहीतरी टोचलं. पलीकडच्या टोकाला धावत जाऊन कॉक बंद केलेला माणूस जिवाच्या भीतीने फुटणाऱ्या टाकीकडेच का येईल? बाळ झाल्यापासून तिला एक सवय लागली होती. कुठल्याही खोलीत शिरली की आधी कोपरे, मग वरचं, मग हाताशी येणारं सगळं न्याहाळायचं. तशीच ती वर बघत राहिली. मशीनच्या सुरक्षा-झडपेची नळी, म्हणजे दाब फार वाढला की गॅस वर सोडून देणारी, छताकडे गेली होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर टाकीच्या नळीचा तुटका वरचा भागही छताकडेच गेला होता. दोन्ही आवाज कोंडणाऱ्या जाड फळ्यांमध्ये दिसेनाशा झाल्या होत्या.

बाहेर टिल्लू पाण्याच्या नळाशी उभा होता. डोळे सुजलेले.

“काका कॉकपाशी नव्हतेच,” तो म्हणाला. “माझ्यासोबत इथे बाकावर चहा पीत होते. एका गाडीवाल्याने नळी तशीच लावलेली असताना गाडी हाणली. त्यामुळे भरायच्या बाजूची झडप आपोआप मिटली. मशीन आत दाबतंच राहिलं. वर शिट्टी झाली. काका म्हणाले, बस तू, मी बंद करून येतो. कप पण खाली ठेवला नाही त्यांनी. हातात घेऊनच गेले.”

“हे साहेबांना सांगितलंस?”

“सांगितलं की. ते म्हणाले, तू त्यांचा लाडका, तू असंच बोलणार.” त्याने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. “आणि तायडे, उद्यापासून दुसऱ्या मशीनची तयारी मी करायचीय.”

४

डिझायनर मशीन बनवणाऱ्या कंपनीचा होता. किडकिडीत, मानी. तिने विषय काढताच त्याने दोन्ही हात वर केले.

“आमच्या मशीनने काम चोख केलं. दाब वाढला, झडप उघडली. अजून काय पाहिजे?”

“आणि टाकी?”

“टाकीसुद्धा आमचीच. तुम्हाला सांगू का, माणूस कॉक विसरणार हे आम्ही धरूनच चालतो. माणूस म्हटलं की विसरणं आलं. सगळ्यात मोठ्या दाबाचा कॉक सताड उघडा राहिला तरी तेवढा गॅस माथ्यावरच्या नळीतून सुखाने निघून जाईल, अशीच ती नळी मापाला घेतलीय. टाकीला कळणारही नाही.”

तिचं पेन थांबलं. “म्हणजे काका कॉक विसरले असते तरी...”

“तरी टाकी फुटायला नको होती,” तो अभिमानाने म्हणाला. मग स्वतःचं वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

“मग फुटली कशी?”

“ते मला कसं माहीत असणार? नळीत कोणी चिंध्या कोंबल्या असतील!”

घरी जाताना ती हिशोब मांडत राहिली. टाकीला वाटा तीनच. कॉककडून आत यायची एक. ती फोडायला पुरेशी नाही, हे बनवणाराच सांगतो. तळाची निचऱ्याची तोटी. ती साचलेलं उपसायला, एरवी बंद. उरली माथ्यावरची नळी. पण ती तर बाहेर जायची वाट. उघड्या दारातून चोर आत येतो हे तिला माहीत होतं. पण आभाळातून कोण येणार?

५

पाळणाघर स्टेशनच्या भिंतीला लागूनच होतं. तिचं बाळ अजून तिथे जात होतं. दुसरीकडे कुठे जागाच नव्हती.

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींनी तिला बसवलं. “पिल्लूची आई, तुम्ही तरी सांगा बाई, परत तसं होणार नाही ना?”

तिने उत्तर टाळलं. “त्या सकाळी मुलं नेमकी काय करत होती?”

“इथेच, खाऊ खायला बसली होती. आमचा खेळ आहे ना, त्यामुळे वाचली.”

“कसला खेळ?”

“भोंगा-भोंगा. पलीकडे शिट्टी व्हायची ना, लेकरं दचकून रडायची. म्हणून मी खेळच केला. शिट्टी झाली की कानांवर हात, डोळे मिटायचे, डोकं गुडघ्यांत. मी टाळी वाजवली की उठायचं. त्या दिवशी तेच. शिट्टी झाली, सगळी लेकरं गोळा होऊन बसली, तुमचं पिल्लू पण, उलटंच बसलं होतं लबाड. मी टाळी वाजवायला हात उचलला, आणि धडाम! काचा सगळ्या त्यांच्या पाठीवर. एकाच्याही डोळ्याला इजा नाही.”

तिच्या अंगावर काटा आला; बाळासाठी आणि लगोलग दुसऱ्याही एका गोष्टीसाठी.

“मावशी, नीट आठवा. आधी शिट्टी, मग धडाम?”

“अहो, नाहीतर लेकरं खाली वाकलीच नसती की!”

साहेबांच्या कागदात क्रम उलटा होता. आधी टाकी फुटली, त्या दणक्याने मशीन बिघडलं, म्हणून मग झडप उघडून शिट्टी झाली. टिल्लूचं कोणी ऐकलं नव्हतं. पण ही तीन-तीन वर्षांची साक्षीदारं कोणाची लाडकी नव्हती. झडप आधी उघडली होती.

ती खिडकीशी गेली. नव्या काचेतून शेडचं छप्पर दिसत होतं. छपरावर एक उंच नळी, तिच्या टोकाला डब्यासारखं जाड काहीतरी.

एकच नळी. तिने शेजारच्या दुसऱ्या शेडकडे पाहिलं. तिथेही एकच.

“तो डबा कधी बसवला हो?”

“तो होय?” मावशींचा चेहरा खुलला. “आवाज कमी करायला. तुमचं पिल्लू यायच्या आधी आम्ही सगळ्या आयांच्या सह्या घेऊन साहेबांकडे गेलो होतो. भला माणूस. म्हणाले, दोन-दोन भोंगे कशाला, एकच करतो, उंच करतो, वर टोपी घालतो. तेव्हापासून शिट्टी अगदी कुकरसारखी.”

आणि बोलता बोलता त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसू मावळलं.

“काय झालं? आमच्यामुळे काही...?”

“नाही मावशी,” ती म्हणाली. “तुमचा काही संबंध नाही.”

६

आढाव्याच्या खोलीत नकाशे पुन्हा भिंतीवर चढले. सर, साहेब, डिझायनर आणि ती. मशीनच्या नकाशावर पिवळा रंग, स्टेशनच्या नकाशावर हिरवा. एकही नळी कोरी नव्हती.

“दोन प्रश्न आहेत,” ती म्हणाली. “ही सुरक्षा-झडपेची नळी. पिवळा रंग इथे बाणापाशी संपतो. बाणापुढे लिहिलंय, ‘सुरक्षित जागी’. ही सुरक्षित जागा कुठे आहे?”

“आमच्या हद्दीबाहेर,” डिझायनर म्हणाला. “पुढची नळी स्टेशनची.”

“ही टाकीची नळी. हिरवा रंग इथे बाणापाशी संपतो. पुढे ‘सुरक्षित जागी’. ही कुठे आहे?”

“वर कुठेतरी,” साहेब म्हणाले. “छपरावर. ते काय नकाशात काढायचं असतं का?”

“शेडमध्ये दोन नळ्या वर जातात. छपरावर एकच बाहेर येते. दोन्ही सुरक्षित जागा एकच आहेत साहेब, आणि ती आवाजाच्या फळ्यांच्या वर आहे. तिथे दोन्ही नळ्या जोडल्यात.”

तिने दोन्ही हातांची बोटं वर नेऊन एकत्र जुळवली.

“त्या दिवशी गाडी निघाली, झडप मिटली, दाब वाढला. सुरक्षा-झडप उघडली. अख्ख्या मशीनचा गॅस त्या नळीत आला. पूर्वी तो सरळ आभाळात जायचा. आता वर टोपी आहे, तिच्यातून तो घुसमटत निघतो. थोडासा असला तर निभावतं. खाली टाकी नुसती हलते. पण त्या दिवशी सगळाच लोट आला, आणि त्याला शेजारी दुसरी वाट मोकळी मिळाली. टाकीच्या नळीतून तो खाली उतरला. टाकी तिच्या श्वासाच्या वाटेने फुटली. काकांनी काही उघडं ठेवलं नव्हतं. ते शिट्टी ऐकून मशीन बंद करायला आले होते. सुरक्षेसाठी जे जे बसवलं होतं, ते सगळं त्या दिवशी बरोब्बर चाललं.”

डिझायनर नकाशाजवळ गेला. पिवळ्या बाणावर बोट ठेवलं, मग हिरव्यावर. त्याचा ताठा कुठल्या कुठे गेला. “टोपी घालणार हे आम्हाला कोणी सांगितलं नाही,” तो पुटपुटला.

“दोन्ही वरच जातात, म्हणून जोडल्या,” साहेब म्हणाले. “वर जाणारं खाली येईल असं कोणाला वाटेल?”

सरांनी समोरची आढाव्याची फाईल चाळली. “प्रत्येक नळीला विचारलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “उलटं वाहिलं तर? प्रत्येकीला. आणि टाकीला दाबाची झडप नको असं मीच म्हणालो. उघड्या टाकीला दाब कसला?”

तिला वाटलं, झालं. कोडं सुटलं, आता सोमवार टळला.

“मग दुसऱ्या मशीनच्या नळ्या वेगळ्या करायच्या ना?” तिने विचारलं. “आठवड्याचं काम आहे.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. गोल आवाज आणखी गोल झाला. “मॅडम, ही जोडणी वरच्या ऑफिसला इतकी आवडली की त्यांनी ती सगळीकडे केली. एकूण एक स्टेशनवर. इथे वेगळी केली तर तिथे का नाही, असं विचारतील. सगळी स्टेशनं बंद ठेवायची? गाड्या काय पाण्यावर चालणार?”

तिने डिझायनरकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. तिने सरांकडे पाहिलं. सरांचे डोळे ओले होते, तिला ते अजून आठवतात, कारण त्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतच ते म्हणाले, “लिही. मूळ कारण, ऑपरेटरची चूक. शिफारस, बाहेर सोडायच्या नळ्यांची सोयीनुसार पाहणी करावी.”

“मी नाही लिहिणार सर.”

“बरं,” सर म्हणाले. त्यांनी तिच्यासमोरचा लॅपटॉप अलगद स्वतःकडे वळवला आणि स्वतः लिहिलं. मग उठून त्यांनी पिवळ्या आणि हिरव्या बाणांच्या मधली कोरी जागा निळ्या पेनने रंगवली.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. इथे तर संन्यासी आधीच गेलेला होता. आपली बाजू सांगायलाही तो उरला नव्हता.

७

“तू जाऊ नकोस सोमवारी,” तिने टिल्लूला सांगितलं. सगळं समजावलं, वहीच्या पानावर दोन नळ्या काढून. तो मांडीवर बाळाला घेऊन ऐकत होता.

“मी नाही गेलो तर दुसरा जाईल ना गं? त्यालाही कोणी तायडी असेलच.”

“मला दुसऱ्याचं सांगू नकोस!”

तो गेला, पण मशीन चालू करायला नाही. साहेबांसमोर उभा राहून त्याने सांगितलं की आधी नळ्या वेगळ्या करा, मग बटण दाबतो. साहेब त्याला रागावले नाहीत. त्यांनी त्याची बदली केली. फिरता ऑपरेटर म्हणून; जिथे माणूस कमी, तिथे काही आठवडे. आणि दुसऱ्या मशीनचं बटण दुसऱ्याच कोणीतरी दाबलं. त्या सोमवारी काही झालं नाही. पुढच्याही नाही. काहीच होत नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात भयंकर वाटत होतं, कारण न होणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक साहेब खरे ठरत होते.

“सोड ती नोकरी,” ती फोनवर म्हणायची.

“आणि करू काय? तुझं बाळ सांभाळू? पगार किती देशील?” मग जरा वेळाने, “प्रत्येक ठिकाणी पोरांना सांगतोय तायडे. ऐकतात. हसतात. मीच सांगतोय म्हटल्यावर हसणारच.”

तिने जिथे जिथे लिहायचं तिथे लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. तिची नोकरी गेली नाही. तिला फक्त आढाव्यांना बोलावणं बंद झालं. बाळाला तिने पाळणाघरातून काढलं. मावशींना कारण सांगितलं नाही. बाकीची लेकरं अजून भिंतीपलीकडे गुडघ्यांत डोकं घालून बसतात.

टिल्लूचा फोन आधी रोज यायचा, मग दिवसाआड. आता नुसतीच घंटा वाजत राहते. ऑफिसात विचारलं की सांगतात, ड्यूटीवर आहे. कुठल्या स्टेशनवर? ते बघून सांगतो म्हणतात. बघून कोणीच सांगत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. ती तुम्हाला ओळखत नाही, पण तुम्हीही कुठेतरी गाडीत गॅस भरायला थांबतच असाल. रांगेत उभे असाल तेव्हा जरा खाली उतरा. निळ्या कपड्यांतला एखादा खूप उंच मुलगा दिसतो का बघा, दारांतून जाताना सवयीने मान झुकवणारा. त्याला नाव विचारू नका, टिल्लू म्हणून हाक मारा. वळला, तर त्याला शेडपासून लांब घेऊन या, काहीही कारण काढून. आणि घरी फोन कर म्हणावं. वळला नाही, तर तिथल्या माणसांना विचारा, असा कोणी होता का, आणि आता कुठे आहे.

आणि कोणी खाली बघून गप्प राहिलं, तरी तिला कळवा.